निळा खडू

सात रस्त्याच्या अलीकडे, मेडिकलच्या वर
बावीस पायऱ्या.
अकरा दिवस मोजल्यात मी,
अकरा दिवस सोळावीवरनं परत आलोय
फोन उगाच कानाला लावून,
पलीकडे कुणी नसताना "निघालोच बघा" म्हणत.

सोळावीवरनं दार दिसतं,
दारातून हिरव्या टेबलाचा एक कोपरा,
आणि चेंडूवर चेंडू आपटल्याचा आवाज येतो
सुपारी फुटल्यासारखा.

वय एक्केचाळीस. काम कटिंग मास्तरचं.
साखर पेठेत शाळेच्या गणवेशाचा कारखाना.
साठ थर एकावर एक अंथरून
एका दमात साठ पोरांच्या बाह्या कापतो,
हात हलत नाही.
इथं भिंतीवरची पाटी वाचून हलतो:
कापड फाडल्यास तीन हजार दंड.

माझ्याकडून. कापड.

बाराव्या दिवशी वर गेलो, त्यात धाडस काही नव्हतं.
मे महिना, दुपारचे तीन,
डांबर चपलेला धरत होतं
आणि वरनं कुलरचा ओला वास आला.
बस्स. घाबरटाला ऊनच ढकलतं.

काउंटरवरचा सिद्राम म्हणाला, "एकटेच काय?"
म्हटलं, सोबतचा येतोय.
कोण येणार होतं!
"येऊ दे की. तोवर मारा."

काठी कशी निवडतात ठाऊक नव्हतं.
मीटरपट्टी तपासावी तशी डोळ्याला लावली,
वाकडी निघाली.
परत ठेवायला चार माणसांसमोरनं जावं लागलं असतं,
म्हणून तीच घेतली.

आता सगळा हॉल माझ्याकडे बघतोय.
पंखे बघतायत, मागच्या वर्षीचं कॅलेंडर बघतंय,
पलीकडच्या टेबलावरची कॉलेजची पोरं,
त्यात तो इलियास बागवान,
ज्याच्या हातात काठी म्हणजे सहावं बोट.
मी मारलं.
काठी घसरली. पांढरा चेंडू
वीतभर सरकला आणि पाहुण्यासारखा थांबला.
मागनं हशा.

कान तापले. काठी टेकवून निघावं म्हणून वळलो,
तर ती पोरं एका मोबाइलवर वाकलेली:
कुणाच्या तरी वरातीतला घोडा
नवरदेवासकट पळाला होता.
माझ्याकडे पाठ. सगळ्यांची.

जरा वाईटच वाटलं, खरं सांगतो.
अकरा दिवस ज्यांना घाबरलो
त्यांच्या दुपारीत मी नव्हतोच.

मग टेबलावर तळवा ठेवला.
सवयच ती, कापड दिसलं की हात जातो.
लोकरीचं. लव एका अंगाला झोपलेली,
उलटं फिरवलं की खरखरतं.
सुटिंगपेक्षा दाट वीण. असलं कापड
नवख्याच्या एका चुकीनं फाटत नाही,
हे मलाच कळायला नको होतं का?
काठीच्या टोकाला निळा खडू घासला.
खडूशी तर वीस वर्षांची ओळख.
कापडावर आखतो तशी मनात रेघ मारली,
पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत,
पिवळ्यापासून भोकापर्यंत.

गेला नाही. ओठाला लागून परत आला.
पण आला रेघेवरनं.

"जोर कमी, मास्तर," इलियास वर न बघता बोलला.
मास्तर कसं कळलं बे तुला?
"खिशाला खडू लागलाय की. कुठली शाळा?"
म्हटलं, शाळा नाही,
शाळेच्या चड्ड्या.
आता मात्र ते माझ्यावरच हसले,
आणि मीही, काठीला टेकून, चांगला मिनिटभर.

तासाचे ऐंशी रुपये झाले.
भोकात तीन गेले, त्यातला एक पांढरा.

उतरताना सोळावीवर एक पोरगं,
फोन कानाला, स्क्रीन काळी.
मी त्याच्याकडे बघितलं नाही.
भिंतीला अंग चोरून वाट दिली
आणि खाली मेडिकलच्या सावलीत
उगाच चपलेचा पट्टा नीट करत थांबलो.

बराच वेळ काही नाही.
मग वर सुपारी फुटली.
फार हळू. पण फुटली.