नक्कल

"चाऊस म्हणजे मूळचे कुठले?"
कळमनुरीच्या तहसिलीत खिडकीआडून प्रश्न आला.
मी म्हणालो, बसस्टँडामागचे. मोटारी भरतो.
मागचे दोघं हसले. कारकून हसला नाही,
त्याला खरंच माहीत नव्हतं.

सुमैयाला एएनएमच्या कोर्सला लावायचं होतं.
अधिवासाचा कागद हवा, त्यासाठी बापाचा कागद,
बापाच्या शाळेचं रजिस्टर वाळवीनं नेलेलं,
मग आजोबाचा.
आजोबा अवद बिन सालेह.
आडनाव, पहिलं नाव, वडिलांचं नाव,
ह्यात 'बिन' कुठं टाकायचा?

तीन गुरुवार हेलपाटे.
चौथ्या गुरुवारी तांबडं फडकं सुटलं.
उर्दू वाचायला निवृत्त अजीमोद्दीन गुरुजी आले,
चहा आणि दीडशे रुपयांवर.
बोट उजवीकडून डावीकडं सरकू लागलं.
बहमन महिना, तेराशे अठ्ठावन फसली.
"पोलीस अॅक्शननंतरची थंडी," म्हणाले,
आणि चष्मा पुसत बसले, उगाच, बराच वेळ.

त्या थंडीत अरब गोळा केले होते.
बोटीत बसवायचे होते, ज्या मुलखाचे त्या मुलखात.
आजोबा बावीस वर्षांचे. समुद्र पाहिलेला नव्हता,
कयाधूला पूर आला तरी घाबरायचे म्हणे.
जन्म कुठला? बोरखडी.
पुरावा?

पुरावा म्हणून एक बाई चालत आली होती.
धुरपता, जौजे लिंबाजी, कौम मांग,
उमर अंदाजे साठ, साकिन बोरखडी, पेशा दाई.
तिची बोली कुण्या मुन्शीनं उर्दूत घातलेली,
गुरुजींनी ती माझ्यासाठी मराठीत काढली,
एवढ्या ओताओतीत तिचा आवाज काही सांडला नाही:

"ह्याला म्या काढलंय. पायाळू होता.
माय ह्याची इथलीच, बाप देवडीवर पहाऱ्याला.
नाळ ह्या हातानं कापली,
वार चिंचंखाली पुरली, गुडघाभर खोल.
इस्वास नसंल तर उकरून बघा, सायेब."

खाली अंगठा. शाई जास्त झालेली, रेषा बुजलेल्या.
शेजारी एकच शब्द: मुल्की.
म्हणजे इथला.

पायाळू म्हणून लोक आजोबांना
विहिरीचं पाणी दाखवायला न्यायचे.
त्यातल्या काही विहिरींच्या मोटारी
अजून माझ्याकडं येतात, जळून.

नक्कल घेऊन बोरखडीला गेलो.
चिंच नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा गेली.
धुरपताचा पणतू भेटला, ज्ञानोबा खिल्लारे, गवंडी,
पाडावर उभा, हात सिमेंटचे.
मी वाचून दाखवलं. त्यानं दोनदा वाचायला लावलं.
मग खाली उतरला, हात धुतले आणि विचारलं,
"जात लिहिलीय ह्यात? तारीख कंची?"

त्याच्या पोराची पडताळणी अडीच वर्षं अडकलेली.
पन्नास सालाआधीचा कागद आणा, जात लिहिलेला.
त्यांच्यात कुणाच्या नावावर कागदच नव्हता.
शेत नाही, शाळा नाही,
कर्जसुद्धा कुणी दिलं नव्हतं.
जो शब्द लिहून मुन्शीनं तिला
ओसरीखालीच उभं ठेवलं असणार,
तो शब्द आता आम्ही दोघं बोटानं शोधत होतो,
डावीकडून, कारण ती लिपी
दोघांनाही येत नव्हती.

माझी नक्कल त्याला दिली.
पुढच्या गुरुवारी स्वतःसाठी दुसरी मागायला गेलो.
अर्जात रकाना आहे: कागदातील व्यक्तीशी नातं.
मागच्या वेळी 'आजोबा' लिहून मोकळा झालो होतो.
ह्या वेळी पेन थांबला.
कारकुनाला विचारलं, सुईण बसते का ह्यात?
नाही बसत, म्हणाला.
मग मागच्या रांगेकडं बघून, हळू आवाजात:
लिहा. कोण बघतंय.