राखेची रेघ

चुन्याची फक्की इथे चालत नाही.
पांढऱ्यावर पांढरी रेघ दिसणार कुणाला?
म्हणून प्रोकोपी न्हाणीघराच्या चुलीतली राख आणतो,
बादलीभर, अजून जराशी कोमट,
आणि मी दोरीच्या कडेने सोडत जाते
चोवीस मीटर,
मग काटकोन,
मग बारा.
उणे एकेचाळीस. दोरी काठीसारखी ताठ.
पेनातली शाई गोठते,
वहीत सगळं शिसपेन्सिलीनं.

जुनी शाळा इथून दिसते, खिडक्यांना फळ्या ठोकलेली.
तिसरीत असताना मी बाकावर पेन्सिल ठेवायचे
आणि ती आपली आपण निघायची
आम्गा नदीकडच्या भिंतीला.
पैजा लागायच्या, कुणाची आधी पोचते.
अगाफ्याबाई म्हणायच्या, जमीन सरळच आहे,
तुमचे बाक वाकडे.
पुढच्या वर्षी दार लागेना.
त्याच्या पुढच्या वर्षी उघडेना.

दोष कुणाचा नव्हता. शाळा उबदार होती, एवढंच.
भट्टी रात्रंदिवस पेटलेली,
ऊब फरशीखाली झिरपत राहिली
आणि हत्तीएवढ्या केसाळ जनावरांच्या काळापासून
कधीच न वितळलेली माती
पायाखालून चिखल होऊन निघून गेली.

म्हणून या खेपेला घरालाच पाय द्यायचे.
छप्पन्न खांब,
आणि फरशीखालून वारा आरपार जाईल एवढी मोकळीक.
आपली ऊब आपल्यापाशी ठेव,
असं सांगायचं घराला, जन्माच्या आधीच.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
इथे आधी पाहावं लागतं,
बांधणं पुढच्या हिवाळ्यात.

बरमा लावण्यापूर्वी प्रोकोपी शेकोटीत
धिरड्याचा तुकडा टाकतो, लोणी लावलेला.
काही पुटपुटतो. मी विचारत नाही.
चार भोकं पाडायची होती.
तीन शहाणी निघाली: गाळ, वाळू, पुन्हा गाळ,
सगळं घट्ट गोठलेलं, दगडाच्या वरताण.
चौथ्यात, दोन मीटर सत्तरला,
यंत्राचा आवाज पातळ झाला.
प्रोकोपी कानाने काम करतो. लगेच थांबला.
वर आला तो निव्वळ बर्फ,
बाटलीच्या बुडासारखा हिरवट,
मातीचा कण नाही.
जमिनीत शिरलेली बर्फाची पाचर,
नेमकी पहिलीच्या वर्गाखाली.

नकाशा याकुत्स्कहून आलेला, सहीशिक्क्यासकट.
त्याला पाचर ठाऊक नव्हती.
तीन दिवस फोन.
मग ठरलं: अकरा मीटर पूर्वेला.

पूर्वेला पोरांचा फुटबॉलचा गोल.
सांगायला मीच गेले.
एर्चिम म्हणाला, शाळेला पाय आहेत ना?
मग तिलाच सांगा की वळसा घालायला.
मला हसू आलं, उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तीच पोरं आली, गोल उपटायला.
एक खांब निघाला. दुसरा हलेना.
सहा जणांनी ओढला,
प्रोकोपीने ट्रॅक्टरला साखळी बांधली,
साखळी तुटली.
"कुणी रोवला हा?"
आम्हीच. खड्डा केला, चिखल ओतला,
रात्रभर राहू दिला.
प्रोकोपी मोठ्यांदा हसला, दाढीवरचं हिम झडेपर्यंत.
"छप्पन्नच्या छप्पन्न असेच बसवायचेत," तो मला म्हणाला,
"फक्त दहा मीटर खोल."

खांब शेवटी करवतीने कापला.
गुडघ्याएवढा खुंट राहिला, राखेच्या चौकोनात,
वर्ग कुठला ते अजून ठरलेलं नाही.
त्याच्या माथ्यावर मी खिळा ठोकला
आणि वहीत लिहिलं: शून्य.
उन्हाळ्यात जमीन त्याला बोटभर वर ढकलेल, मला माहीत आहे,
वरिष्ठ रागावतील.
तोवर सगळी मापं इथून.

रात्री वाऱ्याने भुरभुर हिम आणलं.
सकाळी रेघ नाही, कोपरे नाहीत,
नुसता एक खिळा.
प्रोकोपी बादली घेऊन
न्हाणीघराकडे निघालेला.