रात्रपाळी, झेन्सव्हिल

साठ मैलांवर व्हर्लिनचं घर.
माझ्या पडद्यावर ते चार ठिपक्यांचं:
दार, शेगडी, पलंग, न्हाणीघर.
माणूस दिसत नाही. त्यानंच बजावलं होतं,
कॅमेरा नको.

चाळिशीपर्यंत आईपाशी,
मग सहा वर्षं संस्थेत, जिथं नऊला दिवे जात
आणि ताटात जे येईल ते.
आता किल्ली गळ्यात.
आंघोळीलाही काढत नाही म्हणे.

दोन वाजून दहा. शेगडीचा ठिपका लाल.
नियम सांगतो, पंधरा मिनिटं थांबा.
चौदाव्याला माझाच धीर सुटतो.
"व्हर्लिन, शेगडी चालू आहे."
"ठाऊक आहे. अंडं उकडतंय."
"बराच वेळ झाला रे."
"मला कडक लागतं, ओडेट.
तिथं कुणी विचारलंच नाही कधी."

मग भांड्यात अंडं आपटत राहतं,
टक, टक, टक,
आणि आम्ही दोघंही गप्प.
ठिपका विझतो.
टरफल फुटतं, बहुतेक टेबलाच्या कडेवर.
"आता जा," तो म्हणतो, "मी खातोय."

नोंदवहीत लिहिते:
दोन एकतीस. मदत लागली नाही.
माझ्या खिडकीबाहेर बर्फ साचलाय.
डब्यात काय आणलंय, तेही आठवत नाही,
आणि भूक मात्र सपाटून लागलीय.