गाठ

कॅनडा कॉर्नरचे डॉक्टर म्हणाले,
उशीत किडे असतात, दिसत नाहीत.
आपली गळलेली कातडी खाऊन जगतात.
ओजसच्या शिंका त्यांच्याच.
अभ्रे उकळत्या पाण्यात धुवा,
जुनी उशी टाकाच.

चादरी सिडकोच्या गच्चीवर कडक वाळल्या.
गाद्या उलटल्या, पडदे उतरवले,
कापसाचं अस्वल रात्रभर फ्रीजरमध्ये, मटारांशेजारी.
उशी तेवढी कपाटावर,
पिशवीत, गाठ मारून.

सातपूरची सेकंड शिफ्ट करून यायचास,
केसांना कूलंटचा वास,
डोकं तसंच टेकायचास.

म्हणजे ही दोन वर्षं
माझ्याखेरीज आणखी कुणी
तुझ्यावर जगत होतं.

काल रात्री ओजस एकदाच शिंकला.
मी मोजत होते.

सकाळी घंटागाडीचं गाणं कोपऱ्यावर आलं.
चप्पल न घालता जिने उतरले.
गाठ सोडली नाही.