तेरा दोरे

घोले रोडच्या दालनात, तिसऱ्या भिंतीवर
टांगलंय सिमेंटचं रिकामं पोतं.
धूळ आत आहे अजून. झटकू नये,
असं मी खाली लिहून ठेवलंय.

टाके माझे. सुई याडीची.
बाणेरच्या सातव्या मजल्यावर विटा चढवताना
मुकादम तिला म्हणाला, तुझे आरसे डोळ्यांत घुसतात.
दुसऱ्या दिवशी ती साडी नेसून गेली.
रात्री फेटियाच्या काचा उसवल्या, एकेक,
गोळ्यांच्या डबीत भरल्या
आणि डबी ठेवली मीटरच्या वर,
जिथं उंदीर पोचत नाहीत.

शाळेच्या फाटकाशी मला गोरमाटीत हाक मारू नकोस,
हे तिला मीच सांगितलं. पाचवीत होते.
मग ती डबा घेऊन नुसतीच उभी राहायची.
बँकेत, दवाखान्यात
अजून तशीच उभी राहते,
कुणाचं तरी लक्ष जाईपर्यंत.

कॉलेजात सर म्हणायचे, पोत ओळखा.
मुलं हातकागदावरून बोटं फिरवायची.
मला पोत म्हटलं की पोतंच दिसायचं,
आणि त्याखाली वाकलेला बापू.

उद्घाटनाला ती थावरूबरोबर आली, वारज्याहून, दोन बस बदलून.
एका गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं,
इथं लाल अचानक पिवळा होतो,
हे विस्थापन समजायचं का?
माझ्याकडे उत्तर होतं. छापलेलंही होतं.
याडी म्हणाली, लाल दोरा सरला आसंल.

गृहस्थ हसले. मीही,
जरा उशिरा.

ती मात्र पोत्याजवळ गेली,
डोळे मिटून ओळीवरून अंगठा फिरवू लागली.
पहारेकरी म्हणाला, बाई, हात लावायचा नाही.
तिनं ऐकलं नाही. नवव्या ओळीवर थांबली.

ये छोरी!

सगळं दालन वळलं.
अशी हाक किती वर्षांनी.
बारा घेतलेस हितं, ती म्हणाली,
एक दोरा कुठं गेला?

पदराच्या टोकात सुई होतीच.
दाताने दोरा तोडून तिनं तिथंच उसवायला घेतलं,
बुटांवर सिमेंट सांडत होतं लोकांच्या.
मी पहारेकऱ्याला म्हटलं, असू द्या,
त्या चित्रकार आहेत.

दोरा पिवळाच वापरला तिनं.
लाल होता माझ्याकडे,
तिनं मागितला नाही.