काटा

लग्नात शालू नेसले तेव्हा चौपन्न.
केतकीच्या वेळी एकाहत्तर.
मग कपाटाच्या दाराच्या आत, पेन्सिलीने,
अडुसष्ट, सहासष्ट, सहासष्ट, एकोणसत्तर,
दुधाचा हिशेब कॅलेंडरवर मांडावा तसा
अकरा वर्षांचा हिशेब,
फक्त दूध कधी आलंच नाही.

सोमवार महादेवाचा, चतुर्थी गणपतीची,
उरलेले वार त्या काचेच्या काट्याचे.
एक अख्खा श्रावण कोबीच्या पाण्यावर काढला.
भात सोडला, मग पोळी,
मग बोलणंच सोडलं जेवताना.
इंदिरानगरात, तिसऱ्या मजल्यावर
चौघांची पानं वाढून
मी ओट्याशी उभी राहून काकडी खायचे.
आणि रात्री अकराला, दिवा न लावता,
डब्यातला चिवडा, मुठीने.
कांदा नाही, लिंबू नाही, चवसुद्धा नाही.

माघातल्या एका बुधवारी
इस्त्रीची साडी ठेवायला कपाट उघडलं.
माझ्या आकड्यांच्या खाली, हात पोचेल तिथे,
नवे आकडे.
एकतीस. एकतीस. तीस,
आणि तिसापुढे एक चांदणी,
वहीत बाई काढतात तशी.
केतकी दहा वर्षांची आहे.
अंगावर काटा येतो म्हणतात,
तो बाहेरून येत नाही.

संध्याकाळी तिला घेऊन गोदाघाटावर गेले, बाजारात.
पिशव्या दोन, बोलणं काही नाही.
दिंडोरीकडची एक बाई सोलाणे विकत होती,
पाव किलो तोलले, पारडं सरळ झालं,
मग वर एक मूठ टाकली.
केतकीने विचारलं, याचे किती?
बाई म्हणाली,
ही मूठ काट्यात धरायची नसते, बाय.

घरी कुळथाचं पीठ होतं. शेंगोळे केले.
बोटांना लसूण लागलेला,
ती वळता वळता कापसाच्या वातीएवढे बारीक करत होती.
पाच ताटं मांडली. तिने मोजली.
"आई, तू पण?"
हेमंतने फोन पालथा ठेवला.
ओजसला शेंगोळे आवडत नाहीत, त्याने नुसता रस्सा प्यायला,
निफाडहून आलेल्या सासूबाईंनी डाव उचलला,
"एक तरी घे रे, माझ्यासाठी..."
आणि मी मान हलवली तशी
तो डाव हवेत थांबला, मग भांड्यात गेला.
त्यांना राग आला असावा.
आग्रह हेच त्यांचं प्रेम. पण तोही एक काटाच,
फक्त उलट्या बाजूला झुकलेला.

केतकीने विचारलं, यात कॅलरी किती?
मला माहीत होतं.
मी म्हटलं, माहीत नाही, लसूण जास्त झालाय का?

रद्दीवाल्याने काटा आपल्या काट्यावर ठेवला.
"दीड किलो, ताई. काचेचे पैसे येत नाहीत."
मी हसले, त्याला कळलं नाही का.

सगळं लगेच सुधारलं असं नाही.
खोडरबराने दार पुसलं, तरी
तिरपा उजेड पडला की पेन्सिलीच्या खाचा दिसतात.
अजून आरशासमोर पोट आत घेते,
अजून पोळी मोडताना मनात कुणीतरी बेरीज करतं,
जुना कारकून, निवृत्त झालेला,
तरी सकाळी ऑफिसात येऊन बसणारा.
हेमंतची साखर वाढलीय, तर जेवणानंतर
आम्ही दोघं पाथर्डी फाट्यापर्यंत चालतो.
किती पावलं झाली ते कुणी बघत नाही.
तो बघतो कधीकधी. चोरून.

रविवारी मखमलाबादच्या रस्त्यावर मिसळ खायला गेलो.
ओजसने पापडच खाल्ला, आणि माझाही.
शेजारच्या मळ्यात द्राक्षांना कागद बांधत होते.
केतकीचा पाव संपला.
टोपलीत एक उरला होता.
तिने हात पुढे केला, थांबवला,
आणि माझ्याकडे पाहिलं.

मी पाहिलं नाही.
पोऱ्याला हाक मारली,
रस्सा आण रे जरा, गरम.