एक जानेवारी, सत्तर

लाल दिवा लागतो. हिरवा लागत नाही.
निदान एवढंच, बाकी सगळा अंदाज.

निफाडच्या अलीकडे, शीतगृहाच्या पत्र्याखाली,
पालथ्या क्रेटवर सामान मांडलंय मी:
तळहाताएवढा बोर्ड, लॅपटॉप, तीन वायरी,
आणि पर्समध्ये सापडलेला, भुवया कोरायचा चिमटा.
बाहेर सात अंश. दारापलीकडे, शून्याला लागून,
चौदा टन थॉमसन
जहाजाच्या तारखेची वाट बघतायत.

चूक माझी. कुणी विचारायच्या आधी सांगते.
अंबडच्या ऑफिसात बसून मीच सोडलं अपडेट,
फीडरचं वेळापत्रक न बघता.
एकसष्ट टक्क्यांवर वीज गेली.
जनरेटर लागायला चाळीस सेकंद. तेवढे पुरले.
आता मेमरीत अर्धं जुनं, अर्धं नवं,
आणि उठायचं कसं हे ज्या पानावर होतं
नेमकं तेच पान कोरं.

थेटेमामा चहा आणतात.
"काय म्हनतंय?"
"काहीच म्हणत नाही."
काळ्या खिडकीत कर्सर लुकलुकत राहतो.
अर्ध्या तासाने कळतं, मी तोंडाला तोंड जोडलंय.
याची बोलायची वायर त्याच्या ऐकायच्या पिनेला हवी,
त्याची याच्या.
दोघंही बोलत होते, कान कुणीच दिला नव्हता.
मामा हसतात. "म्हंजी आमच्या सोसायटीची मीटिंग."

वायरी फिरवल्यावर कचरा येतो: चौकोन, प्रश्नचिन्हं.
वेग चुकला. एक लाख पंधरा हजार दोनशे.
मग एकच ओळ, स्वच्छ:
सुरू व्हायला जागा सापडत नाही.
या आठवड्यात माझ्याशी इतकं सरळ
कुणी बोललं नव्हतं.

आता चिमटा.
चिपच्या कडेला दोन ठिपके, मोहरीएवढे.
ते एकमेकांना टेकवून धरायचे आणि वीज द्यायची,
म्हणजे त्याला स्वतःची मेमरी दिसत नाही
आणि तो मागे जातो, पार मागे,
कारखान्यातच कोरलेल्या त्या थोड्या ओळींपाशी
ज्या मलासुद्धा पुसता येत नाहीत.
"मामा, मी म्हटलं की बटण दाबा.
आत्ता नाही. थांबा. हां, आता."
तीनदा हात हलला. थंडीने.
नुसत्या थंडीने नाही.
चौथ्यांदा लॅपटॉप टिंग म्हणाला.

फाइल जाईपर्यंत मामांची वही चाळते.
पाच रात्री, दर तासाला, पेन्सिलीने: ०.४, ०.४, ०.६.
बोर्ड बंद पडल्यापासून हेच आत जाऊन येत होते,
दोन स्वेटर चढवून,
काचेचा थर्मामीटर बॅटरीच्या उजेडात धरून.
गुरुवारी तीनच्या पुढे आकडा नाही. तिथे लिहिलंय:
झोप लागली. चारला ०.५ होते. तीनचे माहीत नाही.

माझ्या प्रोग्रॅमने त्या जागी
अलीकडचा-पलीकडचा घेऊन मधला आकडा भरला असता.
आलेख गुळगुळीत आला असता.

हिरवा लागतो. विझतो. लागतो.
ओळी धावतात, धावता धावता थांबतात, आणि तो सांगतो:
तापमान शून्य पूर्णांक चार, दार बंद,
तारीख एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.
घड्याळाचा सेल नाही त्याच्यात. कुणी सांगेपर्यंत
त्याचं जग तिथूनच सुरू होतं.

मामा चष्मा कपाळावर सारतात.
"सत्तर? तव्हा मी दुसरीत.
ओझरची इमानं शाळेवरून जायची,
गुरुजी पाढा थांबवायचे."

नेटवर्क जोडायला मी जरा उशीर करते.
राहू दे त्याला थोडा वेळ तिथेच,
चौदा टन द्राक्षं घेऊन,
आठाचा पाढा अर्ध्यावर.

"वही बंद करू का मग, ताई?"
साडेचार झालेत.
"नको," म्हणते. "पाचचं लिहा."